कूलरमध्ये पाणी

त्या मोठ्या जागेत आम्ही अकरा हजार होतो.
सोमवारी दुपारी मी लिहिलं:
ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, मेयो, वॉर्ड नंबर नऊ,
सिकलसेलचं पोर, वय सात.

गुरुवारी पहिला अंगठा आला.
मग एक बदाम.
मग जोडलेले हात, रांगेने, चाळीस.

मधल्या तीन दिवसांत त्याच अकरा हजारांना
कुणाच्या तरी हळदीतला नाच दिसला,
गुडघेदुखीचं तेल दिसलं,
दोन पुढाऱ्यांचं भांडण तर दोनदा दिसलं.
माझे चार शब्द तोवर कुठे होते?
कुठल्या थंडगार गोदामात, कुणी ठरवलं
की अजून नको?

पोर वाचलं. आधीच सांगते, नाहीतर शेवटपर्यंत त्याचीच वाट बघाल.
मामा पाच रक्तपेढ्या फिरला, लुनावर, भर उन्हात.

खरं तर आपल्याला कळायला हवं होतं,
आपण शून्य मैलाच्या गावची माणसं.
शाळेच्या सहलीत त्या खांबाला हात लावला
की देशाच्या ऐन बेंबीवर उभं असल्यासारखं वाटायचं,
शेजारी ते उधळलेले चार घोडे.
भूगोलाच्या बोकडे बाई तेवढ्या हसायच्या:
मध्य काही सापडत नसतो गं,
साहेबाने दगड पुरला
आणि तिथून मोजायला लागला.

पाचपावलीत नीलकंठ हेडाऊचं दुकान आहे.
पंखे, मिक्सर, मोटर वाइंडिंग.
आजोबांच्या मागाचा खड्डा अजून बुजवलेला नाही,
त्याच्या काठावर, संत्र्याच्या खोक्यावर
एक जुना कॉम्प्युटर घुरघुरत असतो.
हे आपलं, तो म्हणाला. एवढंसंच. पण आपलं.

मी म्हटलं, आणि गोंदियाचे लोक? चंद्रपूरचे? ते यात मावतील?
मावायचं काहून, ताई?
त्यायचं त्यायच्या घरी, आपलं आपल्या घरी.
हाक मारली का ऐकू जाते, झालं.
अन् माह्याशी नाही पटलं
तर बिऱ्हाड उचला, सारा गोतावळा घेऊन दुसरीकडे जा,
मी दार नाही अडवत.

त्रेसष्ट आले.
बाकीच्यांनी विचारलं, तिथे रील असतात का?

आणि त्रेसष्टांतही भांडणं झालीच.
एकाला काढावं लागलं, जातीवरून बोलला म्हणून.
नीलकंठ दोन रात्री झोपला नाही.
त्या मोठ्या जागेत रोज हजार जणांना काढतात,
हजार जणांना काढत नाहीत,
कुणाचीच झोप जात नाही.

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
मशीन तापतं, मध्येच गप्प होतं,
लाइट गेली की आमचं सगळं जगच जातं
आणि आम्ही फोन करकरून विचारतो, आली का?
आता कूलरचं तोंड मशीनकडे आहे
आणि नीलकंठ डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसतो.

काल पुन्हा लिहिलं.
तेच पोर, आता आठ वर्षांचं.
दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलं
आणि ते दोन वाजून दहा मिनिटांनीच होतं.
आधी आलेलं आधी, नळावरच्या घागरींसारखं.

सव्वादोनला भंडाऱ्याहून उत्तर:
चार चाळीसची बस धरते. कोणतं गेट?
प्रमिला गभणे. चेहरा कधी पाहिला नाही.
तिच्या गावचं मशीन म्हणे पिठाच्या गिरणीत असतं,
दळण सुरू झालं की जरा हळू चालतं.

मोठ्या जागेहून अजून पत्रं येतात,
तुमच्याशिवाय करमत नाही, एकदा येऊन जा.
छान असतात, माझं नाव घालून.

पण आज बुधवार.
कूलरमध्ये पाणी भरायचं आज माझ्याकडे.
सहा बादल्या लागतात,
वाळ्याची जाळी कोरडी राहिली
तर सातवी.